पाहुण्यांची झोप

लोणावळा, २४ नोव्हेंबर १९३६

आज पाटी लागली. 'विश्राम-निवास. झोप न येणाऱ्यांसाठी उत्तम सोय.' रंगाऱ्याने 'उत्तम'मध्ये एकच त काढला होता, तो दुरुस्त करून घेतला. स्टेशनावरच्या टांगेवाल्यांनी मात्र आधीच बारसं उरकलं आहे. ते 'झोपाळ्यांचा बंगला' म्हणतात. बाजारातून येताना ते कानावर पडलं आणि मान खाली घालून चालत आलो.

गिरणीच्या हापिसातली नोकरी सोडली ह्याची लाज अजून अंगातून गेली नाही. मुंबईत मला झोप म्हणून येत नसे. रात्र उघड्या डोळ्यांनी जाई आणि दिवसा टेबलावर मान पडे. एकदा साहेबाने सगळ्या कारकुनांसमोर पट्टी आपटून जागं केलं. त्यानंतर आजारपणाची रजा काढून मी आणि रतन (माझं कुटुंब) इथे लोणावळ्याला येऊन राहिलो. इथे हळूहळू झोप परत आली. तेव्हाच ठरवलं की हेच काम करायचं. मुंबईत माझ्यासारखे किती असतील!

नियम मी स्वतःवर पारखून घेतले आहेत. दिवस मावळायच्या आत जेवण. दुपारनंतर चहा नाही. दिवसा झोपायचं नाही. संध्याकाळी वलवणच्या धरणापर्यंत फिरून यायचं. निजताना ऊन पाण्यात पाय बुडवून बसायचं, मग तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासायचं. रोज एकाच वेळी दिवा मालवायचा. मी रजेवर होतो तेव्हा रतन माझे तळवे घाशी आणि मला झोप लागेपर्यंत उशाशी बसून राही. पण खरा गुण हवेचा आणि नियमितपणाचा.

थोरला भाऊ गावाहून बघायला आला होता. ओट्यावर बसून इकडे तिकडे बघत म्हणाला, "सोपाना, झोपाया कुनी गाव सोडून येतं व्हय रं?"

मी हसलो. मनातून लागलं.

१ डिसेंबर

पहिले पाहुणे आले. गिरगावचे एक वकील, सुती कापडाचे एक व्यापारी आणि त्यांचा भाऊ, आणि दादरच्या एक बाई. बाईंना त्यांचे यजमान पोचवून परत गेले. वर्षापूर्वी त्यांचं लहान मूल गेलं, तेव्हापासून त्यांना झोप नाही. डोळ्यांखाली शाई सांडल्यासारखं काळं झालं आहे.

व्यवस्था चोख लावली आहे. मी पाहुण्यांना फिरायला नेतो, त्यांच्याशी बोलतो, नियम समजावतो. घरातलं रतन बघते. भांडी आणि पाणी ह्यांसाठी कुसगावच्या वरच्या वाडीतली सारजाबाई येते, ती दिवे लागायच्या आत परत जाते. रात्री कुणाला काही लागलं तर प्रत्येक खोलीतून एक दोरी स्वयंपाकघरात आणून तिला घंटा बांधली आहे. ही माझी स्वतःची कल्पना. रतन आता स्वयंपाकघरातच अंथरूण घालते, म्हणजे घंटेने माझी झोपमोड होत नाही. मी ताजातवाना दिसलो नाही तर पाहुण्यांनी विश्वास कुणावर ठेवायचा?

आम्हांला मूलबाळ नाही. त्यामुळे तिच्यामागे तसा काही व्याप नाही.

९ डिसेंबर

वकीलसाहेब काल रात्रभर झोपले! सकाळी ओट्यावर येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "शेलार, तुम्ही जादूगार आहात."

तो आनंद संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. पाहुण्यांना ओट्यावर बसवून झोपेचं महत्त्व सांगत होतो. झोपेत शरीराची झीज भरून येते, बुद्धीला धार येते, झोप नसेल तर माणूस चिडका आणि विसराळू होतो, हे सगळं बोलणं अगदी रंगात आलं होतं. तेवढ्यात सगळे हसायला लागले. मागे वळून पाहिलं तर रतन दुधाचे पेले भरलेलं ताट घेऊन चौकटीला टेकली होती, आणि तिचे डोळे मिटले होते. ताट कलंडलं होतं आणि दूध तिच्या लुगड्यावर ओघळत होतं.

"शेलार, तुमच्या औषधाचा गुण घरात सगळ्यांत जास्त दिसतोय," व्यापारी म्हणाला.

मीही हसलो. पण कानशिलं तापली होती. मागाहून आत जाऊन तिला म्हटलं, "लोकांसमोर असं करतात?"

"लागला जरा डोळा," ती म्हणाली. चूल सारवत होती. तिने वर पाहिलं नाही.

तिला नियम नीट समजावून सांगितले. तिला सकाळी दोनदा चहा लागतो, तो बंद करायला सांगितला. ती 'व्हय' म्हणाली.

१५ डिसेंबर

थंडी कडक पडली आहे. सकाळी गवतावर पांढरं दिसतं. पाहुण्यांच्या खोल्यांत निजायच्या आधी शेगडी ठेवायला सुरुवात केली. खोली गरम झाली की शेगडी बाहेर काढायची, हे काम रतनकडे दिलं आहे. बंद खोलीत कोळसा ठेवू नये हे मी तिला पुन्हा पुन्हा बजावलं आहे.

रात्रीच्या दुधात आज साखरेऐवजी मीठ पडलं. वकीलसाहेबांनी पेला तसाच परत पाठवला. मी जाऊन माफी मागितली. अशी माफी मागायची वेळ आठवड्यात दुसऱ्यांदा आली. पहिल्या वेळी भाताला खालून लागलं होतं.

सारजाबाई भांडी घासता घासता मला म्हणाली, "भाऊ, बाईस्नी दुपारचं घटकाभर पडू द्या की."

मी तिला सांगितलं की दिवसाची झोप आरोग्याला वाईट, त्याने रात्रीची झोप बिघडते. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही परक्या भाषेत बोललो. मग पुन्हा राखेचा हात कढईवर फिरवू लागली. ह्या लोकांना शास्त्र समजावणं कठीण.

२३ डिसेंबर

नाताळच्या सुटीमुळे घर भरलं आहे. ओट्यावरही एक खाट टाकावी लागली. मी दिवसभर बोलून बोलून थकतो, पण अंथरुणाला पाठ टेकली की एकदम सकाळच. अशी झोप मला लहानपणीही लागत नव्हती.

आज रतनच्या पायावर ऊन पाणी सांडलं. पाहुण्यांचे पाय बुडवायचं घंगाळ उचलून नेताना म्हणे हात सुटला. डावं पाऊल वरून भाजलं आहे. मी खोबरेल लावून पट्टी बांधली. "बघून चालावं," असं म्हटलं, तर म्हणाली, "बघतच व्हते."

दादरच्या बाईंची काळजी वाटते. सगळे नियम पाळूनही त्यांना झोप येत नाही. त्यांना रतनचं मात्र वेड लागलं आहे. तळवे तिनेच घासले पाहिजेत आणि त्यांना डुलकी लागेपर्यंत तिनेच बसलं पाहिजे. रतनचं बोलणं गावंढळ, दोघी काय बोलतात कुणास ठाऊक. मी एकदा दाराबाहेरून ऐकलं. रतन त्यांना वालाचं बिरडं कसं करायचं ते सांगत होती. मला ओशाळल्यासारखं झालं. शिकलेल्या बाई, त्यांच्यापुढे बिरडं!

२८ डिसेंबर

एक विचित्र गोष्ट. सकाळी मी पाणी मागितलं तर रतन मला "देते, आबा" म्हणाली. आबा म्हणजे तिचे वडील. मी म्हटलं, "काय म्हणालीस?" ती गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली आणि मग रडू लागली. का रडतेस तर म्हणे, "काय की."

तिला काही बाहेरचं तर झालं नसेल? की मुळातच तिची बुद्धी बेताची आणि मला इतकी वर्षं दिसली नाही? असं लिहू नये. पण ही वही माझी एकट्याची आहे आणि हा विचार मनात आला हे खरं.

५ जानेवारी १९३७

काल काय झालं ते लिहायला हात उचलत नाही. पण लिहायचं असं ठरवलं आहे.

काल सकाळी सारजाबाई दादरच्या बाईंची खोली झाडायला गेली आणि ओरडत बाहेर आली. बाई बिछान्यात निपचित पडल्या होत्या आणि ओठांना फेस होता. खिडक्या बंद होत्या, आणि कोपऱ्यात शेगडी रात्रभर तशीच राहिली होती. आम्ही त्यांना उचलून ओट्यावर आणलं आणि डॉक्टरांना बोलावलं. दोनतीन ओकाऱ्या झाल्या, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. आणखी थोडा वेळ गेला असता तर संपलं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

रतनला मी सगळ्यांसमोर ओट्यावर बोलावलं. आत नेऊन बोलता आलं असतं. पण पाहुणे घाबरले होते, आणि ह्या घरात कुणाची तरी जबाबदारी आहे हे त्यांना दिसायला हवं असं मला वाटलं.

"शेगडी का नाही काढलीस?"

"फडकं आनाया गेलते. शेगडी उचलाया."

"मग?"

ती आठवू लागली. "मंग चुलीपाशी बसले जरा."

"आणि?"

पुढचं तिला सांगता येईना. मी बोलत राहिलो. जीव जाण्याचा प्रसंग, घराची अब्रू, माझे कष्ट, किती वेळा बजावलं होतं, सगळं. मी आवाज चढवला होता. पाहुणे भोवती उभे होते. आणि मी बोलत असताना रतनचे डोळे मिटले. उभ्या उभ्या. मान एका बाजूला गेली.

मला वाटलं, ही माझा अपमान करते आहे. माझा हात उठला.

आवाज मोठा झाला. तिने डोळे उघडले. आपण कुठे आहोत हे क्षणभर तिला कळलं नसावं, कारण तिने माझ्याकडे नाही, छताकडे पाहिलं. मग पदर सावरून "दूध उतू जाईल" म्हणाली आणि लंगडत आत गेली.

वकीलसाहेबांनी वर्तमानपत्र उघडलं. व्यापाऱ्याचा भाऊ अंगणात जाऊन उगीच झाडाकडे बघत उभा राहिला. कुणी मला दोन शब्द सुनावले असते तर मला काही उत्तर तरी देता आलं असतं.

लग्न झाल्यापासून मी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. माझी बाजूही आहे. एक जीव जात होता. पण ती बाजू लिहायला बसलो की शब्द पुढे जात नाहीत.

६ जानेवारी

दादरच्या बाईंचे यजमान त्यांना न्यायला आले. मी हात जोडून उभा होतो. बाई मला म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मला वाटलं, चला, एकदाची झोप लागली." असं म्हणून हसल्या. ते हसणं बघवेना.

मग त्यांनी विचारलं, "रतनबाई कुठे आहेत?" आणि स्वयंपाकघरात गेल्या. पुष्कळ वेळ आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा माझ्याकडे न बघताच टांग्यात बसल्या. आत रतन भाकरी थापत होती. गालावर बोटं उमटलेली अजून दिसत होती.

तिच्याशी बोलायचं होतं. "मीठ संपत आलंय" एवढं ती बोलली आणि मी मीठ आणायला गेलो.

१३ जानेवारी

संक्रांतीसाठी रतनचे वडील, रखमाजी मामा, परंदवडीहून आले. तीळ, गूळ आणि वालाची पिशवी खांद्यावर. म्हातारा तळेगावपर्यंत चालत आला आणि तिथून गाडीने. घरात पाहुणे होते म्हणून मी त्यांना मागच्या पडवीत बसवलं. पुढच्या ओट्यावर धोतराला चिखल लागलेला माणूस बरा दिसला नसता. हेही लिहून ठेवतो.

रतन त्यांना भाकरी वाढून शेजारी टेकली. म्हैस कशी आहे, विहिरीला पाणी किती आहे, असं विचारत होती. मी पाहुण्यांकडे गेलो. सकाळच्या दुसऱ्या चहाची वेळ झाली तरी चहा येईना म्हणून मागे आलो, तर ती बापाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. तोंड उघडं. हाताला पीठ तसंच. म्हातारा भिंतीला पाठ लावून बसला होता, जरासुद्धा हलत नव्हता. त्याची भाकरी अर्धी राहिली होती.

"रतन, पाहुण्यांचा चहा," मी म्हणालो.

मामांनी हात वर केला. "जावईबापू, हळू बोला."

"घरात माणसं आहेत, मामा."

"असू द्यात."

मी तिथे तसाच उभा राहिलो. पुढून कुणीतरी हाका मारत होतं. मामांनी तिच्या पावलाकडे बोट केलं. "ह्ये कशानं?"

"ऊन पाणी सांडलं."

त्यांनी मान हलवली. गालाचं काही विचारलं नाही. आता तिथे काही दिसतही नव्हतं. पण मी मनात त्याचंच उत्तर जुळवत होतो.

ती आपोआप जागी झाली तेव्हा मामा उठले, आखडलेला पाय झटकला आणि म्हणाले, "पोरीला न्हेतो."

"आत्ता कसं नेता? घर भरलंय. सणाला उद्या पाठवतो हवं तर."

"सनाला न्हाई," मामा म्हणाले. "झोपाया न्हेतो."

हे ऐकून वकीलसाहेब आणि आणखी दोघं दारापाशी आले होते. मामांना त्यांची फिकीर नव्हती. रागही नव्हता. अगदी साध्या आवाजात ते म्हणाले, "मुंबैची मान्सं झोपाया हितं येत्यात म्हनं. बरं हाय. माजी पोर माज्या घरी झोपंल."

मला जमिनीत जावंसं वाटलं.

रतन गाठोडं बांधताना म्हणाली, "मोठं पातेलं वरच्या फळीवर हाय. वकीलसायबांच्या दुधात साखर कमी. शेटजींची घंटा वाजली की पानी, दुसरं काय नसतं." मी तिला थांब म्हणालो नाही आणि जा असंही म्हणालो नाही. तिने बापाला काही सांगितलं नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. सांगितलं असतं तर बरं झालं असतं का? तिने माझी अब्रू झाकली, हे मला जास्त लागलं.

१७ जानेवारी

स्वयंपाकघरात झोपतो. झोपतो म्हणजे आडवा होतो. डोळा लागला की घंटा वाजते. एकाला पाणी हवं, एकाला पांघरूण, एकाला नुसतं कुणी जागं आहे ना हे बघायचं असतं. पहाटे लाकडं ओली निघतात. मग दूध, मग आंघोळीचं पाणी, मग चहा, आणि चहा कुणाला केव्हा लागतो ह्याला काही ताळ नाही. मी त्यांना नियम सांगितले होते, पण ते नियम झोपायचे. उठायचे नियम ज्याचे त्याचे.

काल वकीलसाहेबांवर खेकसलो. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या बाईंनी कधी आवाज चढवला नव्हता."

१९ जानेवारी

दूध जळलं. दुपारी ओट्यावर नव्या पाहुण्यांना माहिती सांगत होतो आणि सांगता सांगता थांबलो. कशाबद्दल बोलत होतो ते आठवेना. डोळे उघडले तेव्हा सगळे हसत होते.

रतन ह्या स्वयंपाकघरात दीड महिना होती.

पाहुण्यांना आजारी आहे असं सांगून घर बंद केलं. वकीलसाहेब जाताना माझ्याशी हात मिळवायला थांबले, पण मग काही सुचून त्यांनी नुसती टोपी सारखी केली.

२७ जानेवारी

आठ दिवस दार लावून पडून होतो. पुष्कळ झोपलो. आज परंदवडीला गेलो. तळेगावला उतरून टांगा केला आणि तो परतीसाठी थांबवून ठेवला. तिला घेऊनच यायचं, असं मनात होतं. काय बोलायचं तेही वाटेत घोकलं होतं.

सासूबाई ओसरीवर वाल सोलत बसल्या होत्या. मला पाहून पदर पुढे घेतला. "या, जावईबापू. ती निजलीया. उटवू?"

"नको."

"आल्यापास्नं निजतीया बगा," त्या म्हणाल्या. "जेवाया उटती, तोंड धुती, परत निजती. पयल्यांदी आमी भ्यालो. वैदाला बलीवलं. त्यो म्हनला, दुकनं काय न्हाई, झोपू द्या." मग म्हणाल्या, "पोरीला तितं लय काम पडतं का वो?"

"पडतं," मी म्हणालो.

त्यांनी वालाचं सूप पुढ्यात ओढलं. मी ओसरीच्या कडेला बसलो. कोंबड्या वालावर येत होत्या, त्यांना हाकत होतो. वाटेने जाणारी बाई थबकून म्हणाली, "जावई आल्यात व्हय? मंग रतन कुटं हाय?" सासूबाई म्हणाल्या, "निजलीया." "भर दुपारी? जावई बाहीर बसल्याला?" ती बाई हसून गेली. टांगेवाला दोनदा येऊन बघून गेला. शेवटी त्याला जायला सांगितलं.

ऊन उतरू लागलं तेव्हा मी उठून दारापाशी गेलो. नुसतं बघावं म्हणून.

आत अंधार होता. ती कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन घोंगडीवर निजली होती. केस सुटले होते. बारीकसा घोरण्याचा आवाज येत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशी झोपलेली मी तिला पाहिली नव्हती. मी झोपल्यावर ती निजे आणि मी उठायच्या आधी ती उठलेली असे. चेहरा निराळाच दिसत होता, लहान मुलीसारखा. मी उंबऱ्यावर एक पाय ठेवला. माझी सावली तिच्यावर पडली असावी.

ती धडपडून उठली. "उटले, उटले," म्हणाली, "लागला जरा डोळा, आत्ता टाकते च्या." डोळे पुरते उघडलेही नव्हते. आणि तिने कोपर वर करून तोंडाआड धरलं.

माझ्या मागे सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. सासूबाईंनी पाहिलं होतं. त्या उठल्या, मला ओलांडून आत गेल्या आणि आमच्या दोघांच्या मधे उभ्या राहिल्या. मी मागे सरलो, तो थेट अंगणापर्यंत.

थोड्या वेळाने रतन तोंड धुऊन बाहेर आली. ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. पायावरची खपली पडून खाली गुलाबी कातडी आली होती.

"न्याया आलाय?" तिने विचारलं.

"आलो होतो त्यासाठीच."

"मंग?"

वाटेत घोकलेलं सगळं त्या क्षणी पोकळ वाटलं. मी म्हणालो, "मी तुझ्यावर हात टाकला. सगळ्यांसमोर. आणि त्याच्या आधी दीड महिना मी आंधळा होतो." सासूबाई आतून ऐकत होत्या. मामाही गोठ्यातून आले होते. मला तिथेच बोलायचं होतं, कारण मारलंही लोकांसमोरच होतं.

मामांनी हातातला चारा टाकला. माझ्याकडे आले. मला वाटलं, आता मारतील, आणि मारावं असंच वाटत होतं. ते माझ्या अगदी जवळ येऊन उभे राहिले, मग वळून रतनला म्हणाले, "तू काय म्हनतीस, बाय?"

रतनने सुटलेले केस मागे बांधले. मग म्हणाली, "आज न्हाई येत. मला अजून झोप हाय."

"बरं," मी म्हणालो.

तळेगावपर्यंत पायी आलो. मामा सोबत आले नाहीत.

१८ एप्रिल

शिमगा झाल्यावर रतन आली. बापाला बरोबर घेऊन, आपल्या मनाने आली. ओट्यावर बसून, मामांसमोर तिने मला सांगितलं, "पावनं थोडं घ्यायचं. रातीला मी कुनासाटी उटनार न्हाई. सकाळचा च्या तुमी कराचा." मी प्रत्येकाला 'हो' म्हणत गेलो. निघताना मामा मला म्हणाले, "मी मदनंमदनं यीन." तो इशारा होता आणि तो मला हवाच होता.

आता एका वेळी दोनच पाहुणे ठेवतो. निजायच्या आधी त्यांना सगळं देऊन सांगतो, आता सकाळपर्यंत घर झोपलं. एकाला ते आवडलं नाही, तो गेला. बाकीच्यांना झोप येते. ओट्यावर बसून बोलायचं मी बंद केलं आहे. कुणी विचारलं तर वलवणपर्यंत फिरून या एवढंच सांगतो.

रतन हसते. सारजाबाईशी गप्पा मारते. परवा तिने वालाचं बिरडं केलं आणि पाहुण्यांनी मागून घेतलं. माझ्याशीही पूर्वीसारखी बोलते, जवळजवळ.

पण एक आहे. ती झोपलेली असताना मी खोलीत पाऊल टाकलं की ती दचकून उठते. अनवाणी गेलो, श्वास धरून गेलो, तरी उठते. 'उटले' म्हणत नाही आता, नुसती उठून बसते आणि भिंतीशी सरकते. मग मला ओळखते आणि म्हणते, "काय न्हाई, तुमीच व्हय." ते 'तुमीच व्हय' ऐकलं की माझ्यात आत जायचं बळ राहत नाही. म्हणून मी आता ओट्यावर निजतो आणि ती स्वतः बाहेर येईपर्यंत खोलीकडे फिरकत नाही.

आज सकाळच्या गाडीने नवे पाहुणे यायचे होते. कोट आणि टोपी खोलीतच राहिली होती. दार लोटलेलं होतं, हात घातला असता तर खुंटी सापडली असती. चूल पेटवून, चहा झाकून ठेवला आणि तसाच बंडीवर, उघड्या डोक्याने स्टेशनावर गेलो.

पाहुण्यांनी मला घरचा गडी समजून ट्रंक पुढे केली. मी ती डोक्यावर घेतली आणि चालू लागलो.